जहाल, मवाळ, उदार, सनातनी : पक्षनामांचा अर्थविचार

१. विषयप्रवेश

इतिहासाच्या कागदांत व्यक्तींचीं नांवें येतात तशींच पक्षांचींही येतात. व्यक्तीच्या नांवाविषयीं संशोधक फार जपून असतो. एकाच नांवाचे दोन सरदार निघाले तर तो वंशावळ काढतो, शिक्के व तारखा ताडून पाहतो आणि मगच निर्णय देतो. पक्षाच्या नांवाविषयीं मात्र इतकी सावधगिरी क्वचित् दिसते. ‘अमुक गृहस्थ मवाळ होते’ किंवा ‘तमुक संस्थानिक उदारमतवादी होते’ असें एकदां लिहिलें, कीं त्या पुरुषाच्या सर्व मतांचा हिशेब लागला असें समजण्यांत येतें. इंग्रजींतील लिबरल व कॉन्झर्व्हेटिव्ह हे शब्द ‘उदारमतवादी’ व ‘पुराणमतवादी’ या रूपानें आपल्या भाषेंत रुळल्यापासून ही संवय अधिकच दृढ झाली आहे. या शब्दांचा खरा अर्थ काय, ते कोठें लागू पडतात व कोठें फसवितात, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरणें आम्ही मुख्यतः महाराष्ट्रांतील, व त्यांतही करवीरच्या इतिहासांतील घेणार आहों. कारण या शब्दांची कसोटी येथें जितकी कडक लागते तितकी अन्यत्र क्वचितच लागेल.

२. शब्दांचें मूळ

लॅटिन भाषेंत ‘लिबेर’ म्हणजे स्वतंत्र, जो कोणाचा दास नव्हे तो. त्यापासून ‘लिबेरालिस’ म्हणजे स्वतंत्र पुरुषास शोभेसा, आणि पुढें लक्षणेनें सढळ हाताचा, असे दोन अर्थ निघाले. पक्षनाम म्हणून हा शब्द प्रथम स्पेन देशांत पुढें आला. इ. स. १८१० ते १८१२ या काळांत काडिझ येथें जी प्रतिनिधिसभा भरली, तींत राजाच्या सत्तेस लेखी मर्यादा घालूं पाहणाऱ्यांस हें नांव मिळालें. त्यांच्या विरोधकांस ‘दास्यवृत्तीचे’ अशा अर्थाचें नांव देण्यांत आलें. कॉन्झर्व्हेटिव्ह हा शब्द ‘जतन करणें’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. १८१८ सालीं शातोब्रियां यानें फ्रान्सांत त्याच नांवाचें एक नियतकालिक काढलें, १८३० च्या सुमारास इंग्लंडांतील लेखक तो शब्द आपल्या पक्षास लावूं लागले, व १८३४ सालच्या सर रॉबर्ट पील यांच्या प्रसिद्ध जाहीरनाम्यानंतर तो तेथें स्थिरावला. तत्पूर्वीं तेथील दोन्ही पक्षांचीं नांवें म्हणजे शुद्ध शिव्याच होत्या. ‘व्हिग’ हें स्कॉटलंडांतील बंडखोरांचें नांव व ‘टोरी’ हें आयर्लंडांतील लुटारूंचें. पक्षास नांव बहुधा शत्रु ठेवतो, ही गोष्ट येथेंच ध्यानांत धरावी.

आतां आपल्या भाषांतराकडे वळूं. ‘उदार’ या शब्दानें मूळ शब्दाचा दुसरा, म्हणजे दातृत्वाचा, अर्थ उचलला व पहिला, म्हणजे स्वातंत्र्याचा, अर्थ टाकला. परिणाम असा झाला कीं, उदारमतवादी म्हणजे मोठ्या मनाचा व त्याचा प्रतिपक्षी म्हणजे कोत्या मनाचा, असा निवाडा नांवांतच शिरून बसला. ‘पुराणमतवादी’ या शब्दाचीही तीच गत आहे. जतन करणें या कल्पनेंत जुनेपणा मुळींच अंगभूत नाहीं; काल मिळालेली वस्तुही जतन करतां येते. ‘सनातन’ हा शब्द तर आणखी वेगळा. ‘सना’ म्हणजे सदा; पुरातन, चिरंतन, अद्यतन या शब्दांत जो प्रत्यय दिसतो तोच येथें आहे. अर्थात् सनातन म्हणजे जुनें नव्हे, तर जें सर्वकाळ आहे तें. पुरातन आणि सनातन यांची गल्लत करून किती वाद माजले, हें निराळें सांगावयास नको.

याहून नेमकी जोडी आपल्या शास्त्रांत पूर्वींपासून आहे. ती म्हणजे योग व क्षेम. अप्राप्त वस्तु मिळविणें हा योग व प्राप्त वस्तूचें रक्षण करणें हा क्षेम, असा अर्थ भाष्यकार करतात. कौटिल्यानेंही दंडनीतीचीं चार प्रयोजनें सांगितलीं आहेत: न मिळालेलें मिळविणें, मिळालेलें राखणें, राखलेलें वाढविणें व वाढलेलें योग्य पात्रीं वांटणें. हीं चार कामें त्यानें चार पक्षांस वांटून दिलेलीं नाहींत. तीं एकाच राज्यकर्त्याचीं आहेत. यावरून दिसेल कीं, ज्यास आपण दोन प्रकारचीं माणसें म्हणतों, तीं वस्तुतः दोन प्रकारचीं कर्तव्यें आहेत.

संस्कृत शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांस एक नियम घालून देत असूं: सकर्मक क्रियापद दिसलें कीं प्रथम ‘किम्’ असा प्रश्न करावा. ‘रक्षति’ म्हणजे राखतो; पण काय राखतो? राजा प्रजेस राखतो, कृपण धन राखतो, श्वान दार राखतो. क्रियापद एकच, परंतु कर्म कळल्यावांचून वाक्यास अर्थ नाहीं. उदार व पुराणमतवादी हीं पक्षनामें अशींच सकर्मक आहेत. काय राखावयाचें, कोणापासून राखावयाचें, कोणासाठीं मिळवावयाचें, हें सांगितल्यावांचून तीं अपूर्ण राहतात. या लेखाचें प्रतिपाद्य एवढेंच आहे.

३. जहाल व मवाळ

महाराष्ट्रांत सर्वांत गाजलेलीं पक्षनामें म्हणजे जहाल व मवाळ. मवाळ हा शब्द ‘मृदु’ या शब्दाच्या प्राकृत रूपावरून आलेल्या ‘मऊ’ शब्दाचा सगोत्र. जहाल हा मूळचा औषध, विष यांच्या तीव्रतेस लावण्याचा शब्द. म्हणजे दोन्ही शब्द गुणाचे नसून मात्रेचे आहेत. तिसरा शब्द ‘नेमस्त’. त्यांत नियमवाचक ‘नेम’ शब्द असून मर्यादेनें वागणारा असा त्याचा भाव आहे. एकाच मंडळीस मित्रांनीं नेमस्त म्हटलें व विरोधकांनीं मवाळ म्हटलें. कागदांत कोणता शब्द आला आहे यावरून पुष्कळदां लिहिणाराच कोणत्या बाजूचा, हें ओळखतां येतें.

१८९५ सालीं पुण्याची सार्वजनिक सभा टिळकांच्या अनुयायांच्या हातीं गेली, व १८९६ सालीं न्या. रानडे यांनीं डेक्कन सभा स्थापिली. तिच्या उद्देशपत्रिकेंत रानडे यांनीं औदार्य व मर्यादा हीं दोन तत्त्वें सभेचीं ब्रीदें म्हणून सांगितलीं, आणि दोहोंचा अर्थही लिहून ठेवला. औदार्य म्हणजे जाति, वंश व धर्म यांचे पूर्वग्रह सोडून सर्वांस न्याय मिळेल असें पाहणें; मर्यादा म्हणजे अशक्याचा हव्यास न धरितां पुढचें पाऊल टाकणें. नांव घेतांनाच त्याची व्याख्या देणें ही रीत आपल्या सार्वजनिक जीवनांत विरळा. म्हणून ती नमूद केली.

दुसऱ्या बाजूची व्याख्या टिळकांनींच केली. १९०७ सालच्या जानेवारींत कलकत्त्यास नव्या पक्षाचीं तत्त्वें सांगतांना त्यांनीं स्पष्ट केलें कीं, हे दोन शब्द कालसापेक्ष आहेत. आजचे जहाल उद्यां मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल ठरले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरत येथें काँग्रेस दुभंगली. परंतु त्या दुहींतही वाद कशाचा होता हें पाहावें. तो होता एकाच प्रश्नाचा: ब्रिटिश सत्तेशीं कोणत्या साधनांनीं व किती वेगानें झगडावें? घरांत कन्येचें लग्न कोणत्या वयांत करावें, विहिरीवर कोणास येऊं द्यावें, यांविषयीं जहाल या शब्दांतून कांहींच निष्पन्न होत नाहीं. तरीही पुढील लेखकांनीं त्यांतून तें निष्पन्न केलें, आणि घोटाळा तेथेंच झाला.

४. एका तुरुंगांतील दोघे

या घोटाळ्याचें उत्तम उदाहरण करवीरच्याच एका प्रकरणांत आहे. चौथे शिवाजी महाराज यांना दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारभारांत वाईट रीतीनें वागविलें जातें, असे लेख ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून आले. त्यांस आधार म्हणून घेतलेलीं पत्रें बनावट ठरलीं, आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर या दोघांस अब्रूनुकसानीबद्दल शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. त्या वेळीं ते एकाच पत्राचे, एकाच शाळेचे व एकाच ध्येयाचे होते. मुंबई सरकारच्या दृष्टीनें दोघेही सारखेच उपद्व्यापी.

पांच वर्षांनीं आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला व १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला. १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्यानें दोघांमधील अंतर जगासमोर आलें. कलकत्त्यास १८९० सालीं फुलमणि नांवाची बालवधू पतिसमागमामुळें मृत्यु पावली होती; कायद्यानें संमतीचें वय १० वरून १२ करावयाचें होतें. आगरकर व इतर सुधारक यांनीं कायद्याची बाजू घेतली. टिळकांनीं त्यास विरोध केला. सुधारणा लोकांनीं आपण होऊन करावी, परकीय सरकारनें हिंदूंच्या घरांत कायद्यानें शिरूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें.

येथें आपलीं दोन नांवें लावून पाहावींत. सरकारच्या सत्तेस मर्यादा असावी, हें काडिझच्या उदारमतवाद्यांचें तत्त्व. तें येथें टिळकांच्या मुखीं आहे, आणि त्यानें राखली जाते ती जुनी रूढि. सत्तेनें हात घालून दुर्बळाचें रक्षण करावें, हें म्हणणें सुधारकांचें. त्यानें राखला जातो तो त्या बालिकेचा देह. दोघेही ‘रक्षति’ म्हणत आहेत. एकाचें कर्म समाजाचें स्वातंत्र्य, दुसऱ्याचें कर्म समाजांतील एका अबोल व्यक्तीचें स्वातंत्र्य. या वादांत ज्या मुलीवर प्रसंग येणार होता तिला कोणीं विचारलें नव्हतें, हें इतिहासकारानें विसरूं नये. टिळक ‘प्रतिगामी’ व आगरकर ‘पुरोगामी’ असें लिहून प्रकरण मिटविलें, तर टिळकांच्या आक्षेपांतील राजकीय मर्म सुटतें; टिळक ‘जहाल देशभक्त’ व सुधारक ‘सरकारधार्जिणे’ असें लिहिलें, तर ती मुलगीच दृष्टीआड होते. १८९५ सालीं पुण्यास काँग्रेस भरली, तेव्हां तिच्या मंडपांत सामाजिक परिषद भरवूं नये यासाठीं चळवळ झाली व रानडे यांनीं परिषद अन्यत्र भरविली. राज्याचा प्रश्न व समाजाचा प्रश्न हे दोन वेगळे मंडप आहेत, हें त्या वर्षीं जणूं प्रत्यक्षच दिसलें.

५. करवीरचें उदाहरण

शाहू छत्रपति यांनीं २ एप्रिल १८९४ रोजीं राज्याधिकार हातीं घेतला व ६ मे १९२२ रोजीं ते कैलासवासी झाले. या २८ वर्षांच्या कारकीर्दीस कोणतें नांव द्यावें? क्रमानें पाहूं.

१८९९ सालीं कार्तिकस्नानाच्या वेळीं पंचगंगेवर उपाध्यायानें महाराजांसाठीं वेदोक्त मंत्रांऐवजीं पुराणोक्त मंत्र म्हटले, आणि त्यांतून वेदोक्ताचें प्रकरण उद्भवलें. राजोपाध्ये आपला परंपरागत अधिकार राखूं पाहत होते. महाराजांची बाजूही परंपरेचीच होती: १६७४ सालीं शिवछत्रपतींचा राज्याभिषेक वेदोक्त विधीनें झाला होता, तोच अधिकार आम्हांस आहे, असें त्यांचें म्हणणें. म्हणजे दोन्ही पक्ष पुराणमतवादी, दोघेही भूतकाळाचा दाखला काढणारे. भेद इतकाच कीं, एकाचा भूतकाळ दुसऱ्याच्या भूतकाळास बाधक होता. टिळकांनीं ‘केसरीं’त १९०१ च्या ऑक्टोबरांत वेदोक्ताच्या मागणीवर कडक टीका केली, उलट राजारामशास्त्री भागवत यांच्यासारखे ब्राह्मण पंडित महाराजांच्या बाजूस उभे राहिले. १९०२ सालीं राजोपाध्ये यांचें इनाम खालसा झालें. इकडे जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाच्या दृष्टीनें वेदांचा अधिकार मागणें हेंच मुळांत गैर. वेदांचें प्रामाण्य व भटजीची मध्यस्थी हीं दोन्ही त्यास अमान्य होतीं. तरीही पुढें महाराजांनीं त्याच समाजाच्या कार्यास आश्रय दिला. एकाच पुरुषानें वेदाधिकार मागावा व सत्यशोधकांसही आधार द्यावा, हें कोणत्याही एका पक्षनामांत बसत नाहीं. ‘ज्या दारांतून आम्हांस मज्जाव आहे तीं सर्व दारें उघडा’ असें त्याचें कर्म मांडलें, कीं तें सहज बसतें.

दुसरी गोष्ट नोकऱ्यांची. महाराज गादीवर आले तेव्हां दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकीं ६० ब्राह्मणांकडे होत्या. २६ जुलै १९०२ च्या हुकुमानें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निदान शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या असें ठरलें. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याचें ठरलें. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम झाला. १९२० च्या मार्चांत माणगांव येथें डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या परिषदेस महाराज स्वतः उपस्थित राहिले. दातृत्वाच्या अर्थानें पाहिलें तर याहून ‘उदार’ कोण?

परंतु मूळ अर्थानें, म्हणजे राजसत्तेस मर्यादा या अर्थानें, पाहिलें तर उत्तर उलटें येतें. हीं सर्व कामें हुकुमानें झालीं. राजाच्या सत्तेस आळा घालील असें निवडलेलें विधिमंडळ त्या काळीं करवीरांत नव्हतें. ब्रिटिश सरकारशीं महाराजांचे संबंध स्नेहाचे होते व पहिल्या महायुद्धांत त्यांनीं सैन्यभरतीस साह्य केलें; तेव्हां राज्याच्या प्रश्नावर जहाल मंडळी त्यांस प्रतिकूल मानीत. या ठिकाणीं नामदार गोखले यांच्या विधेयकाची तुलना उद्बोधक होईल. पक्षानें व स्वभावानें खरे उदारमतवादी असलेल्या गोखल्यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. १९१२ सालीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. जें उदारमतवाद्यास उदारमतवादी साधनानें साधलें नाहीं, तें पांच वर्षांनीं एका संस्थानिकानें आपल्या हुकुमानें आरंभिलें. साध्य एक, साधनें दोन. नांव साध्यावरून द्यावयाचें कीं साधनावरून, याचा निर्णय केल्यावांचून लेखणी उचलूं नये.

६. चारही प्रकार संभवतात

राज्याचा प्रश्न व समाजाचा प्रश्न असे दोन अक्ष मानले तर चार प्रकार होतात, आणि महाराष्ट्रांत चारही आढळतात. राज्याविषयीं जहाल व समाजाविषयीं सावध, असे टिळक. दोहोंविषयीं क्रमाक्रमानें सुधारणा इच्छिणारे, असे रानडे व गोखले. राज्याविषयीं सरकारशीं मिळतें घेणारे व समाजाविषयीं तीव्र, असे शाहू छत्रपति. १९०६ सालीं अस्पृश्यांच्या उन्नतीसाठीं मिशन काढणारे विठ्ठल रामजी शिंदे हे अस्पृश्यतेचे कडवे विरोधक असून राज्याविषयींही राष्ट्रीय पक्षाच्या जवळचे. म्हणजे दोन्ही अक्षांवर पुढचे. आणि मागील राज्यही राखावें व मागील समाजही राखावा असें म्हणणारे तर सर्वत्र होतेच. त्यांचीं नांवें फारशीं राहिलीं नाहींत इतकेंच. पुढें याच प्रांतांत सावरकर हे सनातनी आचारांवर कठोर टीका करणारे व १९३१ सालीं रत्नागिरीस सर्व हिंदूंसाठीं पतितपावन मंदिर उघडण्यांत पुढाकार घेणारे निघाले, आणि तरीही राजकारणांत ते सुधारकांच्या कोणत्याही परंपरेंत बसत नाहींत. अण्णासाहेब लठ्ठे हे ब्राह्मणेतर चळवळींतून पुढें आले, करवीरचे दिवाण झाले, आणि १९३७ सालीं मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळांत अर्थमंत्री झाले. अशा पुरुषांच्या चरित्रांत एकच पक्षनाम शीर्षस्थानीं लिहिणें म्हणजे नदीच्या एका घाटावरून सबंध नदीचें वर्णन करणें होय.

७. अन्य देशांतील दाखले

हा घोटाळा केवळ आपल्याकडेच आहे असें नव्हे. इंग्लंडांत १८४७ सालीं गिरण्यांतील स्त्रिया व मुलें यांच्या कामाचे तास १० वर आणण्याचा कायदा झाला. त्यासाठीं झटणारे लॉर्ड अॅशली हे टोरी परंपरेचे, आणि विरोध करणारे जॉन ब्राइट हे उदारमताचे अग्रणी. १८६७ सालीं शहरांतील पुष्कळ कामकऱ्यांस मताधिकार देणारा कायदा डिझरेली यांच्या खटपटीनें, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारच्या हातून, झाला. अमेरिकेंत १९३० नंतर लिबरल म्हणजे सरकारनें अधिक कामें अंगावर घ्यावींत असें म्हणणारा. ऑस्ट्रेलियांत १९४४ सालीं स्थापन झालेला लिबरल पक्ष मात्र तेथील उजव्या बाजूचा. सोव्हिएट राज्याच्या अखेरच्या वर्षांत कट्टर साम्यवाद्यांसच वृत्तपत्रें कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणूं लागलीं, आणि तें चुकीचें नव्हतें. कारण तेथें जतन करावयाची वस्तु साम्यवादी व्यवस्थाच होती. आपल्याकडे राजगोपालाचारी यांनीं १९५९ सालीं स्वतंत्र पक्ष काढला. तो अर्थव्यवहारांत सरकारचा हात आखडावा असें म्हणणारा, म्हणजे जुन्या अर्थानें उदारमतवादी, आणि त्याचे प्रवर्तक परंपरेचे अभिमानी.

८. मग या शब्दांत अर्थ आहे कीं नाहीं?

इतकें म्हटल्यावर हे शब्द निरर्थक आहेत, टाकून द्यावे, असा कोणाचा ग्रह होईल. तो बरोबर नव्हे. त्यांच्या मुळाशीं एक खरा भेद आहे, व तो सिद्धतेच्या भाराचा आहे. चालू व्यवस्था आणि तिच्यांतील बदल असे दोन समोर आले असतां, ‘बदल करणारानें आधीं कारण दाखवावें’ असें जो म्हणतो तो जतन करणारा. ‘चालू व्यवस्थेनेंच आपलें कारण दाखवावें’ असें जो म्हणतो तो उदार. पहिल्याचें बळ असें कीं, अनेक पिढ्यांनीं वापरून पाहिलेल्या गोष्टींत एका माणसाच्या बुद्धीस न दिसणारें शहाणपण असूं शकतें. दुसऱ्याचें बळ असें कीं, त्या पिढ्यांत ज्यांच्या पाठीवर व्यवस्थेचें ओझें होतें, त्यांना ती परीक्षा घेऊं दिलेलीच नव्हती. ७१ पैकीं ६० जागांची व्यवस्था पुष्कळ वर्षें चालली होती; ती बाहेरच्यांच्या अनुभवास उतरली होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं.

हा भारही स्थिर नसतो. १९०२ सालीं राखीव जागा हा योग होता. सिद्धतेचा भार महाराजांवर होता. १९५० सालच्या राज्यघटनेनें मागासवर्गीयांसाठीं जागा राखून ठेवण्यास आधार दिल्यावर तोच क्षेमाचा विषय झाला, व त्याचे समर्थक आज मिळालेलें राखण्याची भाषा बोलतात. करवीरच्या हुकुमांत ‘निदान’ म्हणून आलेला शेंकडा ५० हा आंकडा, १९९२ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत सामान्यतः ‘कमाल’ म्हणून आला. आंकडा तोच राहिला. एका काळाची पायरी दुसऱ्या काळाचें छत झाली.

९. संशोधकांस सूचना

जुने कागद छापतांना किंवा चरित्रें लिहितांना पक्षनाम आलें, कीं चार प्रश्नांचीं उत्तरें जवळ नोंदवावींत असें आम्हांस सुचवावयाचें आहे. हें नांव कोणीं दिलें, स्वतः, मित्रानें कीं विरोधकानें? तें कोणत्या सालचें? त्याचें कर्म काय, म्हणजे राज्य, समाज, धर्म, धन यांपैकीं कोणत्या प्रश्नावर तें लागू आहे? आणि साधन कोणतें, कायदा, हुकूम, लोकमत कीं बळ? या चार उत्तरांनंतर पक्षनाम लिहिलें तर तें उपकारक होईल. तीं नसतील तर नुसतें ‘उदारमतवादी’ किंवा ‘सनातनी’ असें लिहिण्यापेक्षां त्या पुरुषानें त्या वर्षीं काय केलें तेंच लिहावें. वर्तमानपत्र वाचणारानें व मत देणारानेंही हेच प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं. कोणी आपणांस जतन करणारा म्हणवून घेतो तेव्हां तो काय जतन करणार व त्याचा खर्च कोणाच्या माथीं पडणार. कोणी उदार म्हणवून घेतो तेव्हां तो देणार तें कोणाचें व कोणास. एवढें कळल्यावर नांवाचें महत्त्व आपोआप आपल्या मापास येतें.